दोन्ही बाजू तपासल्या, सांधा राहिला: गाडीच्या एका निदान-तक्त्याचं परीक्षण

संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण गृहीतक, चल, नियंत्रण अशा व्याख्या पाठ करतो. पेपर झाला की त्या विसरतो. म्हणून या वेळी पुस्तक बाजूला ठेवून एक वेगळाच मजकूर परीक्षणाला घेतला आहे. टर्बो इंजिनाच्या गाडीत हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट बिघडलं तर काय-काय तपासायचं, हे सांगणारा सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता. 'हो' असेल तर इकडे जा, 'नाही' असेल तर तिकडे जा, असा. हा कुठल्या एका कंपनीचा नाही, थोड्याफार फरकाने बहुतेक मॅन्युअलमध्ये सापडतो.

गाडीचं ज्ञान नसलं तरी चालेल. लागणारं भौतिकशास्त्र बारावीचं आहे. मात्र हा तक्ता नीट वाचलात तर तुमच्या सिनॉप्सिसमधला 'कार्यपद्धती' हा भाग तुम्ही वेगळ्या नजरेने तपासाल, एवढं नक्की.

आधी सर्किट समजून घेऊ

टर्बोचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. किती? ३० अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण १२५ अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते, शिवाय पेट्रोल इंजिनात ती नॉकिंगला, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याला, आमंत्रण देते. म्हणून मध्ये इंटरकूलर लावून तिला थंड करतात. थंड झालेली हवा नक्की किती अंशांवर आहे हे इंजिनाच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे ईसीयूला, कळायला हवं. त्यासाठी अनेक टर्बो गाड्यांत हवेच्या तापमानाचे दोन सेन्सर असतात, एक टर्बोच्या आधी आणि दुसरा इंटरकूलरनंतर. आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय.

हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. तापमान वाढलं की याचा रोध कमी होतो. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना अंदाजे २५०० ओहम, ५० अंशांना ८३० ओहम आणि ८० अंशांना ३२० ओहम. ईसीयूच्या आत ५ व्होल्टचा पुरवठा आणि एक ठरावीक रोध असतो. त्या रोधाच्या पुढे सिरीजमध्ये सेन्सर जोडलेला. मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज ईसीयू वाचतो आणि त्यावरून तापमान काढतो.

वायर तुटली तर व्होल्टेज ५ च्या जवळ जातो आणि ईसीयूला वाटतं, बाहेर उणे ४० अंश आहेत. वायर शॉर्ट झाली तर व्होल्टेज शून्याजवळ येतो आणि ईसीयूला वाटतं, हवा भाजून निघाली आहे. पहिल्या प्रकाराला पी००९८ आणि दुसऱ्याला पी००९७ असा कोड पडतो.

इथे थांबून कोडची भाषा बघा. पी००९८ चा अर्थ 'दुसऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये सिग्नल जास्त'. नवखा माणूस 'जास्त' म्हणजे तापमान जास्त असं धरतो. प्रत्यक्षात व्होल्टेज जास्त, म्हणजे तापमान कमी. आणि कोड 'सर्किट' म्हणतो, 'सेन्सर' म्हणत नाही. सर्किटमध्ये सेन्सर येतो, दोन वायरी येतात, कनेक्टर येतो, ईसीयू येतो. तरीही स्कॅनरवर हा कोड दिसला की 'सेन्सर गेलाय' हेच वाक्य बहुतेक वेळा ऐकू येतं. निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यातलं अंतर इतक्या सहज ओलांडलं जातं.

तक्ता काय सांगतो

थोडक्यात पायऱ्या अशा:

१. कोड नोंदवा, स्कॅनरवर चालू तापमान बघा.
२. कनेक्टर सोडवा. स्कॅनरवर उणे ४० दिसतं का?
३. वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही टर्मिनलना जंपर वायर लावा. तापमान वरच्या टोकाला जातं का?
४. दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर वायरिंग आणि ईसीयू ठीक. आता सेन्सरचा रोध मल्टीमीटरने मोजून कोष्टकाशी ताडून बघा.
५. जुळत नसेल तर सेन्सर बदला. कोड पुसा, गाडी चालवून बघा.

याचं आधी मोकळेपणाने कौतुक करायला हवं. दुसरी आणि तिसरी पायरी मिळून एक सुंदर प्रयोग होतो. एका जंपर वायरच्या खर्चात तुम्ही सर्किटला दोन्ही टोकांना नेता आणि संशयितांची यादी निम्मी करता. ईसीयू उघडावा लागत नाही, सगळी वायरिंग सोलावी लागत नाही. स्वस्त चाचणी आधी, महाग नंतर, हा क्रमही शहाणा आहे. वायर खरोखर तुटलेली असेल किंवा सेन्सर पूर्ण मेला असेल तर हा तक्ता दहा मिनिटांत बरोबर उत्तर देतो. कित्येक शोधनिबंधांची कार्यपद्धती याच्याइतकी नेटकी नसते.

माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. पायऱ्या परत वाचा आणि प्रत्येक पायरीला कनेक्टर जोडलेला आहे की सुटलेला, एवढंच बघा.

दुसरी पायरी: सुटलेला. तिसरी: सुटलेला. चौथी: सुटलेला. वायरिंगची बाजू वेगळी तपासली, सेन्सरची बाजू वेगळी तपासली. या दोन बाजू जिथे एकमेकींना भेटतात तो पिनचा सांधा एकाही चाचणीत सर्किटमध्ये नव्हता.

सांध्यात काय होऊ शकतं

इंजिन थरथरतं, तापतं, निवतं. कनेक्टरच्या आत पिन आणि टर्मिनल एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहतात. कथिलाचा मुलामा असलेल्या टर्मिनलवर अशा घासण्याने ऑक्साइडचा थर साठतो आणि स्पर्शाचा रोध वाढत जातो. डोळ्यांना पुष्कळदा काही दिसत नाही. कधी एखाद्या धक्क्याने संपर्क क्षणभर सुटतो आणि पी००९८ पडतो. मग परत जुळतो, पण पूर्वीसारखा स्वच्छ नाही.

समजा या सांध्यात ५०० ओहमचा रोध तयार झालाय. आता आकडे मांडू.

सकाळी, इंजिन थंड, हवा २० अंश. सेन्सरचे २५०० आणि सांध्याचे ५०० मिळून ईसीयूला ३००० ओहम दिसतात. तो वाचतो साधारण १५-१६ अंश. चूक साडेचार अंशांच्या आसपास.

दुपारी, ट्रॅफिकमध्ये अडकून इंजिन तापलंय, मॅनिफोल्डमधली हवा ८० अंश. सेन्सरचे ३२० आणि सांध्याचे ५०० मिळून ८२० ओहम. ईसीयू वाचतो ५० अंश. चूक ३० अंशांची!

दोष तोच, ओहम तेवढेच. थंड असताना चूक किरकोळ आणि गरम असताना भयंकर, कारण गरम थर्मिस्टरचा स्वतःचाच रोध लहान असतो आणि त्याच्यापुढे ५०० ओहम मोठे ठरतात. लॅबमध्ये लहान रोध मोजताना आपण दोन वायरींऐवजी चार वायरींची पद्धत वापरतो ती याचसाठी, म्हणजे वायरी आणि सांध्यांचा रोध मापात मिसळू नये. गाडीत दोनच वायरी असतात, त्यामुळे तो मिसळतोच.

ईसीयू स्वतःही एक ताळा करतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सगळे तापमान-सेन्सर जवळपास एकच आकडा दाखवायला हवेत. पण या तुलनेत काही अंशांची सूट ठेवावीच लागते आणि साडेचार अंश त्या सुटीत सहज मावू शकतात. म्हणजे ताळा नेमका त्या वेळी घेतला जातो, जेव्हा हा दोष सर्वात लहान असतो.

याचा परिणाम काय? मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचं वस्तुमान काढणाऱ्या इंजिनात ८० अंशांची हवा ५० ची समजली गेली, तर हिशोबात हवा ९ टक्के जास्त धरली जाते (३५३ केल्व्हिन भागिले ३२३ केल्व्हिन, करून बघा). तेवढं इंधन जास्त सुटतं. ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून इंधन कमी करायला लावतो, म्हणून चालकाला फारसं काही जाणवत नाही. स्पार्कची वेळ मात्र थंड हवेची धरलेली राहते आणि नॉकिंगचा धोका वाढतो. नॉक सेन्सर आहे, पण तो ठोके पडायला लागल्यावर जागा होतो. एका दुरुस्तीने दुसरी चूक झाकली जाते आणि इंजिन गुपचूप मार खात राहतं.

आता हीच गाडी तक्त्यावर चालवा

गाडी गॅरेजमध्ये येते. पी००९८ नोंदलेला आहे, पण आत्ता तापमान ठीकठाक दिसतंय. कनेक्टर सोडवला, उणे ४०. ठीक. जंपर लावला, वरचं टोक. ठीक. सेन्सरचा रोध मोजला, कोष्टकाशी जुळला. ठीक. सगळे निर्दोष! मग गाडी आली कशाला?

चांगल्या मॅन्युअलमध्ये इथे 'अधूनमधून येणारा दोष' अशी वेगळी पुरवणी असते: कनेक्टर डोळ्यांनी बघा, वायरी हलवून बघा. पण तोवर गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघतंय. मग बहुतेक वेळा नवा सेन्सर बसतो. कोड पुसला, चक्कर मारली, कोड आला नाही. 'सेन्सरच होता' असं म्हणून बिल फाडलं जातं.

या शेवटच्या पायरीत एकदम दोन गोष्टी बदलल्या. सेन्सर नवा आला, हे सगळ्यांना दिसलं. कनेक्टर दोन-तीनदा सोडवला-बसवला गेला, त्या घासण्याने ऑक्साइडचा थर खरवडला गेला आणि संपर्क तात्पुरता सुधारला, हे कुणी मोजलंच नाही. दोष कशाने गेला? या पुराव्यावरून सांगता येत नाही. काही आठवड्यांनी तो परत आला की दुसरा सेन्सर बसतो, नाहीतर संशय थेट ईसीयूवर जातो.

पुसलेल्या कोडचंही तेच. कोड पडतो त्या क्षणाची परिस्थिती, म्हणजे गाडीचा वेग, इंजिनावरचा भार, पाण्याचं तापमान, ईसीयू साठवून ठेवतो. कोड पुसला की तीही नोंद जाते. पंचनामा होण्याआधीच घटनास्थळ धुऊन काढण्यासारखं आहे हे.

काय करायला हवं होतं

पहिलं, सोडवण्याआधी मोजा. कनेक्टर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने बारीक प्रोब घालून सांध्याच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज बघा. ईसीयूच्या आतला रोध २२०० ओहम धरला, तर गरम इंजिनात सर्किटमधून सुमारे १.६५ मिलिअँपिअर प्रवाह जातो. ५०० ओहमच्या सांध्यावर ०.८ व्होल्ट दिसतील. निरोगी सांध्यावर जेमतेम काही मिलिव्होल्ट. साधा मल्टीमीटर हे सांगू शकतो. आणि हे गरम असतानाच मोजा, कारण चूक तिथेच मोठी असते.

दुसरं, आधीपासून हजर असलेल्या साक्षीदाराला विचारा. अनेक टर्बो गाड्यांत हा तापमान-सेन्सर आणि मॅनिफोल्डचा दाब-सेन्सर एकाच डबीत असतात. अशा डबीला चार पिना असतात आणि दोघांची ग्राउंड पिन एकच. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केलं तर दाब-सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात उंचीमुळे ९५ च्या आसपास. दाब-सेन्सर काही मिलिअँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे ५०० ओहम ग्राउंडच्या पिनेत असते तर दाबाचा आकडा पार कोलमडला असता. दाब बरोबर आणि तापमान चूक असेल, तर संशय तापमानाच्या सिग्नल पिनेवर येतो. एकही स्क्रू न उघडता सांध्यातली नेमकी पिन कळली. तक्ता हे विचारत नाही, कारण तो एका कोडसाठी लिहिला आहे आणि दाब-सेन्सरचा कोड तर पडलेलाच नाही!

तिसरं, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचं, जुना सेन्सर परत लावून बघा. नव्याने दोष गेला, जुन्याने परत आला, पुन्हा नव्याने गेला, तर सेन्सर दोषी म्हणायला आधार आहे. जुना परत लावूनही दोष आला नाही, तर सेन्सरवरचा आरोप टिकत नाही. दुरुस्त झालेली गाडी मुद्दाम 'बिघडवून' बघणं गॅरेजमध्ये वेडेपणा वाटेल. संशोधनात मात्र कारण सिद्ध करण्याच्या सर्वात भक्कम मार्गांपैकी हा एक आहे.

यात 'दोष आला नाही' म्हणायला किती थांबायचं, हाही प्रश्न आहे. दोष सरासरी तीन दिवसांतून एकदा, पण कधीही येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता एक दिवस निर्विघ्न जाण्याची शक्यता ७२ टक्के निघते. म्हणजे अर्ध्या तासाच्या चकरीने काहीच सिद्ध होत नाही. ती शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर सरासरी अंतराच्या तिप्पट, म्हणजे नऊ दिवस थांबायला हवं.

गॅरेजला एक न्याय, आपल्याला दुसरा

इथे तक्त्याची बाजूही मांडली पाहिजे. नऊ दिवस गाडी कोण ठेवून घेणार? मेकॅनिकचं काम गाडी रस्त्यावर आणणं आहे, कारण सिद्ध करणं नाही. हा तक्ता हजारो गाड्यांसाठी, घाईत असलेल्या माणसांसाठी आणि सर्रास आढळणाऱ्या दोषांसाठी लिहिलेला आहे. त्या कसोटीवर तो उतरतो. सांध्यावर एक पायरी वाढवली असती तर बरं झालं असतं, पण त्याला टाकाऊ मी म्हणणार नाही.

अडचण सुरू होते ती आपण हाच तक्ता लॅबमध्ये आणतो तेव्हा. सिग्नलमध्ये गडबड आली, सॅम्पल बदललं, गडबड गेली, 'सॅम्पल खराब होतं' अशी नोंद वहीत झाली. सॅम्पल बदलताना वायरी परत जोडल्या गेल्या, चेंबर उघडून बंद झाला, अर्धा तास गेला, हे वहीत कुठेच नसतं. थर्मामीटर शून्य आणि शंभर अंशांना तपासला आणि माप घेतलं ५० अंशांना. प्रोग्रॅमचा प्रत्येक तुकडा वेगळा चालवून बघितला आणि दोन तुकड्यांमध्ये आकडे कुठल्या एककात दिले-घेतले जातात हे कुणी पाहिलं नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच गमावलं गेलं. एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदात आकडे देत होतं, दुसरं ते न्यूटन-सेकंद समजत होतं. तिथेही चूक सांध्यात होती.

गॅरेजमध्ये निदान चुकलं तर गिऱ्हाईक दोनदा पैसे भरतं. आपलं निदान चुकलं आणि ते छापून आलं, तर त्याच्यावर विसंबून पुढचा विद्यार्थी आपल्या फेलोशिपची दोन वर्षं खर्च करतो. तो कोण, हे आपल्याला कधी कळतही नाही. म्हणून मेकॅनिकला दिलेली सवलत स्वतःला देऊ नका.

तुमची कार्यपद्धती लिहून झाली की हे प्रश्न तिला विचारा:

१. माझी प्रत्येक चाचणी चालू असताना संपूर्ण मांडणी जोडलेली होती का? नसेल तर कुठला सांधा एकाही चाचणीत आला नाही?
२. मी फक्त दोन टोकं तपासली, की प्रत्यक्ष माप जिथे घेणार ती मधली जागाही?
३. दोष सर्वात मोठा कुठे दिसेल हे मी आधी गणित करून काढलं का, की सोयीच्या वेळी तपासलं?
४. चाचणी करताना चाचणीनेच काही बदललं का?
५. सुधारणा झाल्यावर मी जुनी स्थिती परत आणून बघितली का आणि पुरेसा वेळ थांबलो का?

पाचवा प्रश्न सर्वात नकोसा वाटेल. सगळं सुरळीत चालू झालेलं असतं, गाईडना आकडे हवे असतात, कॉन्फरन्सची तारीख जवळ आलेली असते. अशा वेळी चालू झालेली मांडणी परत मोडायला हात धजावत नाही. तरीही मोडा. जुना भाग परत लावा, काय होतं ते तारीख टाकून वहीत लिहा आणि मगच 'कारण' हा शब्द वापरा.